उडत्या शेल्याचा भाग दुसरा

यमनाप्पा सिनेमाच्या नादानं बिघडला, असं शहापुरात अजून म्हणतात. म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक तेव्हा माझ्याच शेजारी तंबूत मांडी घालून बसले होते आणि टाळ्या पिटत होते. ते आता त्यांना आठवत नाही. मला आठवतं, कारण त्या प्रकरणात मोठा मूर्खपणा माझा आहे, आणि सोळा वर्षं झाली तरी तो मला पचलेला नाही.

आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत होती. माझी मास्तरकी बेळगावात, इंग्रजांच्या हद्दीत, आणि बिऱ्हाड शहापुरात, सांगली संस्थानात. भिंतीपलीकडे यमनाप्पाचे साड्या विणायचे दोन खड्डामाग होते, पण चालायचा त्यातला एकच. दुसऱ्यावर घोंगडं पांघरलेलं असायचं. तो थोरल्या भावाचा, नागोजीचा. नागोजीची बायको दुर्गाबाई रोज सकाळी ते घोंगडं उचलायची, मागावरची धूळ झटकायची आणि पुन्हा कोपरे ओढून नीट पसरायची. मी अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत त्या भिंतीतल्या खिडकीत उभा असायचो, म्हणून मला हे रोज दिसायचं.

यमनाप्पा उंच, वाकलेला, चेहऱ्यावरून रागीट वाटणारा माणूस. रागीट मुळीच नव्हता. त्याला हसू उशिरा यायचं एवढंच. अक्षरओळख नव्हती, पण फणीत एक धागा चुकला तर अंधारात बोटं फिरवून नेमका कितवा ते सांगायचा. आणि सिनेमाचं वेड म्हणाल तर अख्ख्या गल्लीला होतं. त्या वेळचे सिनेमे मुके. चित्रं हलायची, मधेच पडद्यावर अक्षरं यायची, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते ओरडायचे, "मास्तर, काय म्हनली ती?" मग मी आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या कानडीत सांगायचो. माझ्या तिकिटाचा खर्च गल्लीनं कधी मला करू दिला नाही. यमनाप्पाची जागा माझ्या डाव्या गुडघ्याशी ठरलेली.

नागोजी घर सोडून गेला तो मानमोडीच्या वर्षी, अठरा साली. त्या साथीनं आठ दिवसांत त्या घरातून बाप नेला आणि नागोजीची तीन वर्षांची पोर नेली. नागोजी मागावर बसेनासा झाला. भिंतीला टेकून बसायचा, जेवायला हाक मारली की उठायचा, पुन्हा येऊन टेकायचा. तीन आठवडे असे गेले. यमनाप्पा तेव्हा बावीस वर्षांचा. दिवसभर एकट्यानं धोटा मारून त्याचे खांदे भरून आले होते, आणि एके दिवशी जेवताना तो बोलून गेला, "बसून खानाऱ्याच्या ताटात मी किती दिस वाढू?" नागोजीनं घास खाली ठेवला, उठून हात धुतला. सकाळी तो घरात नव्हता.

हे यमनाप्पानं मला तीनदा सांगितलं असेल. तिन्ही वेळा तो हात धुण्यापाशी थांबला आणि पुढचं मला ठाऊक आहे म्हणून मी मान हलवली.

नागोजीच्या हाताची एक खूण होती. शहापुरी साडीच्या काठावर रुईफूल असतं, चार पाकळ्यांचं, नखाएवढं. नागोजीनं पोरपणी विणलेल्या पहिल्या साडीत पदराच्या कोपऱ्यातल्या फुलाची एक पाकळी राहून गेली होती. बापानं भर गल्लीत कानफटात मारली. तेव्हापासून हा पठ्ठ्या प्रत्येक साडीत त्याच जागी एक पाकळी मुद्दाम सोडायचा. बाप चिडायचा, व्यापारी कुरकुरायचे, पण माल इतका सुरेख की कुणी परत करायचं नाही. पुढे पुढे तर गिऱ्हाइकंच पदराचा कोपरा उलगडून तीन पाकळ्यांचं फूल आहे का ते बघायची.

माणूस परागंदा होऊन बारा वर्षं उलटली की तो मेला असं धरायचं आणि त्याचं सारं क्रियाकर्म करायचं, ही आमच्याकडची रीत. पळसाच्या देठांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि त्या दिवशी बायकोचं कुंकू पुसतात. तीस साल उजाडलं तसे जातीचे पंच कुजबुजू लागले. यमनाप्पाची थोरली मुलगी तारा लग्नाला आली होती. पाहायला येणारे पाहुणे हटकून विचारायचे, "घरच्या थोरल्याचं काय झालं?" थोरला जिवंत म्हणावा तर तो कुठे आहे, आणि मेला म्हणावा तर ही बाई कुंकू लावून कशी वावरते? पाहुणे चहा पिऊन जायचे, पुन्हा यायचे नाहीत.

पंचांचे कारभारी मल्लाप्पा. साठीतले, पोट सुटलेले, मनानं वाईट म्हणता येणार नाही असे. ते यमनाप्पाला म्हणाले, "दिवाळीला बारा पुरी हुत्यात. मग उरकून टाकूया, लेकरा. किती दिस अधांतरी लोंबकळत ऱ्हायाचं?"

यमनाप्पा धोटा मारत राहिला. त्याच माघात गावच्या वेशीबाहेर, बेळगावच्या बाजूला, तंबू लागला. टांग्यात ढोल वाजवत जाहिराती वाटल्या गेल्या: 'चंद्रपुरीचा उडता शेला, भाग पहिला'.

कथा काय सांगू? चंद्रपुरीच्या राजपुत्राला एक जादूगार दगड करतो. राजकन्या रानोमाळ भटकते. रानातला एक म्हातारा कोष्टी तिला शेला देतो, आणि तो अंगाखाली अंथरला की उडतो. आता नायिकेला उडायचा शेला देणारा कोष्टी म्हटल्यावर आमच्या गल्लीचं काय झालं असेल! म्हातारा पडद्यावर आला की शिट्ट्या. तो मागावर बसला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "धोटा उलटा धरलाय की रं!" आणि सगळा तंबू हसला. खरंच उलटा धरला होता.

मग म्हातारा शेला राजकन्येच्या हातावर ठेवतो. तिथे त्या शेल्याचा पदर अख्खा पडदा भरून दाखवला होता. एरवी नखाएवढं फूल सुपाएवढं झालेलं. यमनाप्पानं माझा गुडघा असा आवळला की मी कळवळलो.

"मास्तर, ह्यो थोरल्याचा हात हाय."

"गप्प बस. लोक बघतात."

"पाकळी न्हाय त्या फुलाला. कोपऱ्यातल्या. तीनच हाईत."

मी मान वळवून पडद्याकडे पाहीपर्यंत राजकन्या उडून गेली होती. शेवटी ती आगीच्या नदीवरून जात असते, शेला मधोमध फाटायला लागतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात: 'राजकन्या वाचेल काय? राजपुत्र उठेल काय? पाहा भाग दुसरा.' मी ती वाचली तेव्हा लोक चिडून माझ्यावरच ओरडले. यमनाप्पा उठलाच नाही. तंबूवाल्यानं येऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी तो मला पुन्हा घेऊन गेला, तिसऱ्या दिवशीही. तो पदर पडद्यावर राहायचा तरी किती? एखादा माणूस आपलं नाव सांगेल एवढा वेळ. यमनाप्पा म्हणाला, पदरावर मोर आहेत, येवल्याकडच्या धर्तीचे. नागोजीनं घरी कधी मोर विणला नव्हता. म्हणजे तो इथून गेल्यावर कुठेतरी विणायला बसला, मोर शिकला, आणि पाकळी सोडायची खोड काही सोडली नाही. "मानूस जिता असल्याबिगर मोर कसा शिकंल, मास्तर?"

तिसऱ्या दिवशी मी डोळे फाडून पाहिलं. मला फूल दिसलं. तीन पाकळ्या की चार, हे देवाशपथ मला कळलं नाही. मी मास्तर माणूस, मला सगळी फुलं सारखीच. पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की मी म्हणालो, "आहे बाबा, तीनच आहेत." त्याचा डोळा भरून आला. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात स्वस्त खोटं ते हेच.

रविवारी मल्लाप्पांच्या सोप्यावर पंच बसले. यमनाप्पानं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. बाहेरचा कुणी असता तर पोट धरून हसला असता. आमच्या गल्लीत माणसाच्या बोलण्यावर विश्वास नसतो, पण कापडावर असतो. कापड पाहून ते कुणाच्या मागावरचं हे सांगणारी माणसं ती. मल्लाप्पांनी एवढंच विचारलं, "आनि कुनी बघितलं?"

यमनाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी बघितलं."

"मग आमालाबी दाखवा."

तंबू तर आदल्या दिवशीच उठून खानापूरला गेला होता. यमनाप्पा तसाच उठून खानापूरला गेला. तिथे तंबू होता, पण चित्रपटाचे डबे सकाळच्या गाडीनं परत रवाना झालेले. तो धुळीनं माखून परतला आणि पंचांपुढे नुसता उभा राहिला. मला ते पाहवेना. तिथे मी दुसरा मूर्खपणा केला. मी म्हणालो, "भाग दुसरा येणार आहे. कथेचं नावच शेल्यावरून आहे, म्हणजे शेला त्यात असणारच. तोवर थांबा. पंचांनी पुढच्या रांगेत बसावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं."

मला वाटलं, वर्षभराची सवड मिळाली, पुढचं पुढे. मल्लाप्पांनी पोटावरून हात फिरवला. पंचांना स्वतःलाच राजकन्येचं काय होतं ते जाणून घ्यायचं होतं, हे मी जाणून होतो. मल्लाप्पा म्हणाले, "मास्तर बोलतोय त्यात खोट न्हाय. दुसऱ्या भागात खून दिसली तर नागोजी हाय, आन् न्हाय दिसली तर न्हाय." आणि एका बाईचं कुंकू आम्ही सगळ्यांनी मिळून मुंबईतल्या एका सिनेमा कंपनीच्या हवाली केलं. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

ते दहा महिने त्या घराला चांगले गेले. यमनाप्पा बोलायला लागला. विणता विणता भाग दुसऱ्यात काय काय होईल ते सांगायचा: फाटलेला शेला सांधायला राजकन्या पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे जाईल, म्हातारा एकेक धागा जोडेल, सांधा दिसणारसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांना ते पटायचं. नवा ताणा जुन्याला जोडतात तो असाच, धाग्याला धागा. मग गोष्टीचा दुसरा भाग पहिल्याला जोडायचा तर दुसरं कसं करतील? भाद्रपदात त्यानं दुसऱ्या मागावरचं घोंगडं काढलं, दोऱ्या बदलल्या, खड्डा सारवून घेतला. मी कंपनीला पत्र लिहिलं, की तुमच्या चित्रपटातला शेला कोणी विणला ते कृपा करून कळवावं. उत्तर म्हणून भाग दुसऱ्याची छापील जाहिरात आली. तिच्यावर राजकन्या होती आणि तिच्या खाली भला मोठा शेला. यमनाप्पानं ती भिंतीला चिकटवली.

दुर्गाबाईनं एकदाच मला त्या खिडकीतून विचारलं, "मास्तर, त्यात मानसाचं त्वांड दिसतं का नुसतं कापाड?"

"नुसतं कापड, बाई."

"असू द्या," ती म्हणाली. "तेबी कुठं बघाया मिळतंय."

दिवाळी गेली, बारा वर्षं पुरी झाली, आणि मार्गशीर्षात तंबू आला. पहिल्या दिवशी संध्याकाळी कोष्टी गल्लीत एक माग चालू नव्हता. पंच फेटे बांधून पुढच्या सतरंजीवर बसले. कनातीपलीकडे बायकांची बाजू. दुर्गाबाई आयुष्यात पहिल्यांदा तंबूत आली होती. भाग पहिला तिनं पाहिला नव्हता. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका सिनेमाला जात नसत.

पहिलं चित्र आलं आणि कुणीतरी म्हणालं, "ही कोन?" राजकन्या बदलली होती. जुनी नाजूक, शेलाटी. ही चांगली दणकट. बरं, आगीच्या नदीवरून फाटक्या शेल्यावर लोंबकळणाऱ्या मुलीचं काय झालं? काही नाही. ही आपली बागेत झोपाळ्यावर बसलेली. अक्षरं आली, मी वाचली, 'दैवयोगाने राजकन्या सुखरूप परत आली.' मल्लाप्पा मागे वळून म्हणाले, "मास्तर, नीट वाच." मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

आणि मग काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. एक लठ्ठ प्रधान हौदात पडला. पुन्हा पडला. दोन पैलवान लढले, मग दुसरे दोन लढले. दगड झालेला राजपुत्र, ज्याच्यासाठी पहिल्या भागात ती अनवाणी हिंडली, तो हिनं हात लावताच शिंक देऊन उठला. लोक हसले, पण मोकळं नव्हतं ते हसणं. म्हातारा कोष्टी कुठेच नव्हता. यमनाप्पा माझ्या गुडघ्याशी ताठ बसला होता. मधून मधून म्हणायचा, "आता यील. शेवटाला यील. शेला शेवटालाच काढनार त्ये."

शेवटी शेला आला. जादूगाराला मारायला राजकन्या शेला अंथरते. गिरणीच्या जाड्याभरड्या कापडाची चादर होती ती. काठ रंगाच्या कुंचल्यानं काढलेला, आणि तोही घाईत. रंग ओघळलेला दिसत होता. चारी कोपऱ्यांना तारा बांधलेल्या, त्याही दिसत होत्या. ती चादर जमिनीपासून हातभर उठली, हेलकावली आणि खेळ संपला. फूल नव्हतं, मोर नव्हता, वीणच नव्हती.

कुणी शिट्टी मारली नाही. बायकांतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चादर हाय की वो ती!" आणि तिला कुणीतरी गप्प केलं. दिवे लागले. कनातीपलीकडे बायका उठल्या. मी तिकडे पाहायचं टाळलं.

यमनाप्पा मल्लाप्पांच्या पुढ्यात गेला. "आप्पा, त्यो शेला ह्यो न्हवं. त्यांनी बदललाय. पयल्या भागात—"

"बघितलं की रं सगळ्यांनी." मल्लाप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचाही आवाज पडला होता. "आता हट्ट नगं."

मी तिथेच होतो. एका कंपनीनं कंजूषपणा केला, चांगला शेला हरवला असेल, विकला असेल, नायिकेनं घरी नेला असेल. त्यानं नागोजीच्या श्वासाचं काय कमी-जास्त होतं? हे मी बोलायला हवं होतं. पण अट मीच घातलेली, साक्षही मीच दिलेली, आणि आणखी एक शब्द बोललो असतो तर "तुम्ही खरंच पाहिलंत का" हा प्रश्न आला असता. मी जोडे शोधत राहिलो.

पाचव्या दिवशी नदीवर पुतळा जाळला. पुतळ्यावर घालायला कापड लागतं. दुर्गाबाईनं पेटीतून नागोजीनं विणलेली तिची लग्नातली साडी काढून दिली. घरात त्याच्या हाताचं तेवढंच राहिलं होतं. यमनाप्पानं पदर आत दुमडला, कोपरा दिसू नये म्हणून, आणि अग्नी दिला. बायकांनी घरी काय केलं ते मी पाहिलं नाही. बांगड्यांचे तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर केरात होते.

ताराचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. माणसं म्हणतात सगळं मार्गी लागलं. दुसरा माग यमनाप्पानं वडगावच्या एका पाव्हण्याला देऊन टाकला. सिनेमाचं नाव काढलं की उठून जायचा. एकदा मात्र आपणहून म्हणाला, "मास्तर, लई वंगाळ झालं. आता डोळं मिटलं की ती रंगवलेली चादरच दिसती. पयला शेला काय केल्या दिसंना झालाय. तुमाला दिसतो का?"

"दिसतो," मी म्हणालो.

"तीन पाकळ्या हुत्या न्हवं?"

"होत्या." एकदा बोललेलं खोटं जन्मभर बोलत राहावं लागतं, आणि मी बोलत राहिलो. पण त्याचा आता माझ्यावर नव्हे, स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता. भावाला हाकललं मी, जिवंत ठरवलं मी, जाळलाही मीच, असं तो पुटपुटायचा. वाळत गेला. काठ सरळ येईनात. व्यापारी त्याच्याकडे साधी धोतरं टाकू लागले.

छत्तीस साली माझी बदली निपाणीला झाली. तंबाखूच्या वखारींनी भरलेलं गाव, श्वास घेतला तरी ठसका लागायचा. तिथे एका बाजाराच्या दिवशी माळावर जुनाट तंबू दिसला आणि दारावर फाटकी पाटी: 'उडता शेला, भाग पहिला'. बोलपट येऊन पाच वर्षं झाली होती. असली जुनी मुकी चित्रं खेड्यापाड्यांतून फिरत राहिली होती. पुढचा विचार न करता मी शनिवारी शहापूर गाठलं.

यमनाप्पा ऐकून घेतल्यावर म्हणाला, "नगं, मास्तर. खून असली तरी मेलो, नसली तरी मेलो."

मी म्हणालो, बरं. उठलोही होतो. आतून दुर्गाबाई म्हणाली, "मी येनार."

"वैनी—"

"मी बघितला न्हाय त्यो भाग. तुमी दोघांनीच बघितलाय."

रविवारी आम्ही तिघं मोटारीनं निपाणीला आलो. संध्याकाळचा पहिला खेळ. तंबूत विडीचा धूर आणि जेमतेम पन्नास माणसं. चित्र ओरखड्यांनी भरलेलं, पाऊस पडतोय असं वाटावं. तरी जुनी राजकन्या आली आणि मला गलबलून आलं. किती चांगली होती ती मुलगी. अक्षरं वाचून दाखवायला कुणी सांगितलं नाही. म्हातारा कोष्टी मागावर बसला तेव्हा यमनाप्पानं मान खाली घातली आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. पदर आला. पडदाभर आला. मी पाहिला, आणि या वेळी रडू आवरत असल्यामुळे मला पाकळ्या मोजता आल्या नाहीत.

"गेलं का?" यमनाप्पानं विचारलं.

"गेलं."

त्याच्या पुढे आम्ही थांबलो नाही. दुर्गाबाई कनातीतून आधीच बाहेर आली होती. वखारीच्या भिंतीपाशी ती पदर डोक्यावर घट्ट ओढून उभी होती. यमनाप्पा तिच्यापासून चार हातांवर थांबला. विचारायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

"त्यांचाच हाय," ती म्हणाली.

यमनाप्पा तिथेच जमिनीवर बसला.

"पाकळी हाय तशी सोडलीय. आन् मोराच्या चोचीखाली दोन ठिपकं हाईत. आमच्या पोरीच्या हनुवटीवर गोंदलंतं, तसं. मास्तर, तुमाला ठावं नसंल. त्यांनीच सुई धरलीती." ती हे इतक्या शांतपणे सांगत होती की बाजूनं जाणाऱ्या माणसाला वाटलं असतं, बाजारातल्या भावाविषयी बोलतात. "म्हंजे इथनं गेल्यावर विनलंय. पोर आठवीत विनलंय."

"वैनी, उद्याच्या उद्या पंचास्नी सांगतो. मल्लाप्पांचं पाय धरतो. तुमी कुंकू—"

"कुनाला काय सांगायचं न्हाय." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. मग ती खाली, यमनाप्पाच्या शेजारी बसली. मी दुसरीकडे तोंड केलं.

"सहा वरसं झाली भावजी, मी त्यांच्या नावानं पानी सोडती," ती म्हणाली. "आता ते दारात हुबं ऱ्हायलं, तर मी त्यांची कोन म्हनून दार उघडू?"

मोटार सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी त्यांना हाताला धरून उठवलं.